पैवस्तीची नोंद : ई-मेलने दस्तऐवज पाठविण्याचा आणि टॅबलेटवर तो सांभाळण्याचा इतिहास

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ‘पैवस्ती’ हा शब्द नवा नाही. पेशवेकालीन पत्र वाचताना अभ्यासक मजकुराइतकेच लक्ष त्यावरील किरकोळ वाटणाऱ्या नोंदींकडे देतो. मजकूर ताडून पाहिल्याची ‘रुजू’, दप्तरी नोंद झाल्याची ‘बार’, शिक्का झाल्याची ‘मोर्तब’ आणि पत्र हाती पडल्याची तारीख सांगणारी ‘पैवस्ती’ या नोंदींवाचून पत्र अपुरे राहते. पत्र केव्हा लिहिले गेले हे लिहिणाऱ्याच्या तारखेवरून कळते. ते केव्हा पोचले, म्हणजे वाचणाऱ्यास ती गोष्ट कोणत्या दिवशी ठाऊक झाली, हे मात्र पैवस्तीवाचून कळत नाही. १७६१ च्या पानिपतासारख्या प्रसंगी कोणास काय आणि केव्हा कळले होते यावर साऱ्या विवेचनाची भिस्त असते. म्हणून ही लहानशी नोंद इतिहासकारास मोठी वाटते.

ही परंपरा पेशवाईबरोबर संपली नाही. इंग्रजी अमदानीत कार्यालयाची रचना बदलली, तरी ‘बारनिशी’ हा शब्द महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत टिकला आणि शाळा-महाविद्यालयांत आवक-जावक नोंदवहीच्या रूपाने तेच काम चालू राहिले. आलेल्या कागदावर गोल शिक्का, त्यात आवक क्रमांक आणि दिनांक, नंतर कागद संबंधित फाईलमध्ये, असा हा क्रम आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयाचा आहे.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. संगणकावरून दस्तऐवज पाठविण्याची रीत आल्यावर, आणि पुढे तो दस्तऐवज हातातल्या पाटीवर, म्हणजे टॅबलेटवर, वाचण्याची व सांभाळण्याची रीत आल्यावर, या पैवस्तीचे काय झाले? या प्रश्नाकडे वळण्यास एक प्रत्यक्ष अनुभव कारणीभूत झाला. एका महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी इतिहासाचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले असता असे आढळले की, १९९० च्या दशकापर्यंतचा पत्रव्यवहार कसरीने खाल्लेला का होईना, पण हाताशी आहे. त्यानंतरचा मात्र दिवसेंदिवस विरळ होत जातो. ग्रंथालयाच्या नव्या इमारतीच्या आराखड्यावर २०१४ साली बराच वाद झाला होता. आवक नोंदवहीत त्याविषयी ‘ई-मेलने प्राप्त’ एवढीच ओळ आहे. फाईलमध्ये कागद नाही. हा निष्काळजीपणा कोणा एका लिपिकाचा नाही, तो साधनाच्या घडणीतच आहे, असे मानण्यास आधार आहे. तो येथे मांडावयाचा आहे.

फाईल आधी, पत्र नंतर

ई-मेल म्हणजे मुळात पत्र होते आणि त्यास दस्तऐवज जोडण्याची सोय नंतर झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला संदेश धाडला, तेव्हा त्यांच्यापुढे दोन कार्यक्रम होते. ‘सेंडमेसेज’ हा कार्यक्रम एकाच संगणकावर काम करणाऱ्यांना एकमेकांसाठी निरोप ठेवू देत असे. ‘सीपीवायनेट’ हा कार्यक्रम आर्पानेटच्या जाळ्यावरून एका संगणकातील फाईल दुसऱ्यात पोचवीत असे. टॉमलिन्सन यांनी या दोहोंचा सांधा जोडला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांमध्ये ‘@’ हे चिन्ह घातले. टपालपेटी म्हणजे ज्या फाईलच्या शेवटी नवा मजकूर जोडता येतो अशी एक फाईल, एवढीच तिची व्याख्या होती. तेव्हा पत्र हेच फाईल पाठविण्याच्या सोयीतून जन्मले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

या आरंभकाळात एका भारतीयाचा वाटा आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये फाईल हस्तांतराच्या संकेताचा, म्हणजे ‘एफटीपी’चा, पहिला मसुदा लिहिला. पुढे त्याच संकेतात पत्र पाठविण्याच्या आज्ञांची भर पडली आणि १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ‘एसएमटीपी’ हा टपालाचा स्वतंत्र संकेत सिद्ध करीपर्यंत जाळ्यावरचे टपाल बव्हंशी फाईल-हस्तांतराच्या खांद्यावर बसून प्रवास करीत होते. सप्टेंबर १९७३ मध्ये भूषण, पोग्रन, टॉमलिन्सन आणि व्हाइट यांनी पत्राच्या शीर्षलेखाविषयी एक टिपण प्रसृत केले. पत्राच्या माथ्यावर कोणाकडून, कोणत्या तारखेस आणि कोणत्या विषयाचे, या तीन गोष्टी ठरावीक रीतीने असाव्यात, असा त्याचा आशय होता. टपाल वाचणाऱ्या कार्यक्रमाला पत्रे लावता यावीत, शोधता यावीत, हा त्यामागील हेतू होता. कारण पेट्या तोवर भरू लागल्या होत्या. पत्रांची यादी दाखवून हवे ते पत्र उघडू देणारा पहिला कार्यक्रम लॅरी रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्येच लिहिला होता. टपाल आवरण्याची चिंता टपालाइतकीच जुनी आहे.

पुढे एसएमटीपीने एक दंडक घातला. पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जाईल, त्याने आपले नाव, आधीच्याचे नाव आणि वेळ सांगणारी ‘रिसीव्हड’ ही ओळ पत्राच्या माथ्यावर चढवावी. पुणे ते दिल्ली जाणाऱ्या पत्रावर प्रत्येक डाकचौकीने आपापली पैवस्ती सेकंदासह लिहावी, असाच हा प्रकार आहे. पेशव्यांच्या दप्तरातील कोणत्याही कारकुनाने इतकी बारीक नोंद ठेवली नव्हती. म्हणून ई-मेलने नोंदीची परंपरा मोडली असे म्हणता येत नाही. नोंद पूर्वीपेक्षा कितीतरी सूक्ष्म झाली. ती राहिली मात्र लिफाफ्यावर, आणि पुढची सारी गुंतागुंत यातूनच निर्माण झाली.

सहपत्राचा प्रवेश

कार्यालयीन मराठीत पत्राच्या तळाशी ‘सोबत : वरीलप्रमाणे’ असे लिहून जो कागद जोडला जातो त्यास सहपत्र म्हणतात. ‘अटॅचमेंट’ला याहून चांगला प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही. हे सहपत्र ई-मेलमध्ये यावयास वीस वर्षे लागली. त्याचे कारण असे की, टपालाचा रस्ता सात बिटांच्या अक्षरांसाठी बांधलेला होता. रोमन अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांपलीकडचे काही त्यावरून सुरक्षित जात नसे. शब्दलेखकाने तयार केलेली फाईल, चित्र, ध्वनी हे सारे आठ बिटांचे. ते धाडावयाचे तर आधी साध्या अक्षरांत रूपांतरित करावे लागे. १९८० साली बर्कले येथे मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी त्यासाठी ‘यूयूएन्कोड’ हा कार्यक्रम लिहिला. त्यातून निघणारा मजकूर म्हणजे अक्षरांचा निरर्थक ढीग असे. मोठी फाईल असेल तर तो ढीग चार-पाच पत्रांत वाटून पाठवायचा आणि घेणाऱ्याने ते तुकडे क्रमाने जोडून पुन्हा फाईल घडवायची, ही सारी खटपट हातानेच करावी लागे.

ही अडचण नेथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनी दूर केली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टीन यांनी सहपत्रासह एक ई-मेल पाठविली. तिच्यात त्यांच्या गायकमंडळाचे छायाचित्र आणि त्याच मंडळाच्या गाण्याचा तुकडा होता. त्याच वर्षी जूनमध्ये ‘माइम’ या संकेताचा मसुदा प्रसिद्ध झाला. एका पत्राचे अनेक भाग, प्रत्येक भागावर तो कोणत्या जातीचा आहे हे सांगणारी चिठ्ठी, आणि आठ बिटांच्या मजकुराचे ‘बेस ६४’ रीतीने रूपांतर अशी ही योजना होती. या रीतीत मूळच्या तीन बाइट्सची चार अक्षरे होतात. त्यामुळे फाईल प्रवासात सुमारे एक तृतीयांशाने फुगते. मर्यादेच्या आत बसणारी फाईल पाठविता पाठविता अडते, त्याचे गूढ हेच.

माइममुळे झालेला एक बदल सहसा लक्षात घेतला जात नाही. पूर्वी पत्र म्हणजे वरून खालपर्यंत एक मजकूर होता, शीर्षलेखाच्या खालीच सारे काही असे. आता पत्राच्या पोटात वेगळी, नाव असलेली, सुटी करून काढता येण्याजोगी वस्तू आली. भाग पत्रातच दाखवायचा की सहपत्र म्हणून बाजूस ठेवायचा, हे सांगणारी सूचनाही १९९५ मध्ये संकेतात आली. वाचणारा ती वस्तू काढून घेतो, आपल्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि त्या क्षणी तिचा शीर्षलेखाशी असलेला संबंध तुटतो. फोल्डरमध्ये राहतो तो केवळ मजकूर. त्यावर कोणाकडून आला, केव्हा पोचला, याची एकही खूण नसते. फाईलला तारीख असते खरी, परंतु ती बहुधा जतन केल्याची असते. कागदी सहपत्रावर शिक्का मारण्याची सोय होती. येथे शिक्का लिफाफ्यावर बसतो आणि लिफाफा मागे राहतो.

मराठी कागदाची अडचण

भारतात शैक्षणिक संस्थांपर्यंत ई-मेल पोचली ती १९८६ साली सुरू झालेल्या ‘एर्नेट’ प्रकल्पातून. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, आयआयटी आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांचा त्यात सहभाग होता. सामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले. स्वस्त शेल खात्यावर केवळ अक्षरे दिसत. तेथे सहपत्र आले तर ते आधी सर्व्हरवर उतरवून, मग दूरध्वनीच्या तारेवरून आपल्या संगणकात आणावे लागे. जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ‘हॉटमेल’ सुरू केल्यावर कोणत्याही सायबर कॅफेतून टपाल पाहता येऊ लागले. परंतु ती पेटी दोनच मेगाबाइटांची असे. महाविद्यालयाचा एक अहवाल छायाचित्रांसह आला की ती तुडुंब.

मराठी दस्तऐवजापुढे याखेरीज एक निराळाच प्रश्न होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणीकरण १९८८ मध्ये झाले व १९९१ मध्ये सुधारले गेले. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोलाचे काम केले. तरी छापखान्यांत आणि कार्यालयांत प्रत्यक्षात वापर झाला तो निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांचा, आणि प्रत्येकाची अक्षरमांडणी वेगळी. ‘क’च्या जागी एका फॉन्टात जो संकेत, तो दुसऱ्यात काही वेगळाच. त्यामुळे मराठी मजकूर पत्राच्या अंगात लिहिणे अशक्य होते. तो सहपत्र म्हणूनच जाई. पोचल्यावर घेणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा दिसे. ‘फॉन्टही सोबत पाठवावा’ अशी विनंती त्या काळातील मराठी संपादकांच्या पत्रव्यवहारात वरचेवर होत असे. खुद्द पत्र इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत, आणि सोबतचा कागद देवनागरीत, अशी विलक्षण विभागणी झाली. ज्या भाषेत आपण विचार करतो ती लिफाफ्याच्या आत, आणि लिफाफ्यावर दुसरी!

यावर दोन उपाय निघाले. एक, पीडीएफ. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या या रूपात फॉन्ट फाईलमध्येच बांधून जातो. दुसरा उपाय, कागद छापून, सही-शिक्का करून, त्याचे चित्र घेऊन ते पाठविणे. दोन्हींमुळे कागद वाचता आला. परंतु जुन्या फॉन्टमधील पीडीएफ असो वा चित्र, संगणकाला त्यातील मराठी शब्द त्या काळी शोधता येत नसत. युनिकोडची देवनागरी विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकांत आली, तरी सवयी हळूहळूच बदलल्या. फाईलच्या नावांची गत याहून वाईट. माइमच्या मूळ योजनेत नाव रोमन अक्षरांतच असावे असे गृहीत होते. इतर लिप्यांची तरतूद १९९७ मध्ये झाली, पण सर्वच कार्यक्रमांनी ती पाळली असे नाही. परिणामी नियामक मंडळाचे इतिवृत्त ‘स्कॅन ००१’ या नावाने फिरते आणि त्याच नावाने हरवते.

पेटी कोठे असावी

टॅबलेटकडे वळण्यापूर्वी टपालपेटीच्या जागेचा प्रश्न पाहणे आवश्यक आहे. १९८४ मध्ये आलेल्या ‘पीओपी’ या संकेताची कल्पना साधी होती. सर्व्हर म्हणजे डाकघर. तेथून पत्रे आपल्या संगणकात उतरवायची आणि डाकघरातून काढून टाकायची. १९९० च्या दशकात महाविद्यालयाच्या कार्यालयात एकच संगणक असे आणि सारे टपाल त्याच्या तबकडीत साठे. तबकडी बिघडली किंवा कोणी ती पुसून नवी प्रणाली घातली, की वर्षांचा पत्रव्यवहार जाई. तरीही पेटी संस्थेच्या आवारात, संस्थेच्या मालकीच्या कपाटात होती, हे विसरून चालणार नाही.

मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड येथे रचलेल्या ‘आयमॅप’ संकेताची दिशा याच्या उलट आहे. पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि आपला संगणक म्हणजे त्या दूरच्या पेटीकडे पाहण्याची खिडकी होतो. एका खिडकीतून पत्र वाचले की दुसऱ्या खिडकीतही ते वाचलेले दिसते. शिवाय पत्राचे भाग सुटे मागविता येतात. आधी केवळ शीर्षलेख आणावा, मग मजकूर, आणि सहपत्र वाचकाने बोट लावल्यावरच आणावे. जोडणी मंद आणि साठवण अल्प असलेल्या यंत्रासाठी हे वरदानच होते. पुढे एकाच माणसाकडे कचेरीतला संगणक, घरचा संगणक, फोन आणि टॅबलेट अशी चार यंत्रे आली, तेव्हा पीओपीचा निभाव लागणे शक्य नव्हते. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने एक गिगाबाइटाची जीमेल पेटी देऊ केली आणि पत्रे पुसण्याची गरजच उरली नाही. पत्र फोल्डरमध्ये लावण्याऐवजी त्यावर लेबल लावावे, आणि हवे तेव्हा शोधून काढावे, ही तिची रीत. बारनिशीच्या कारकुनाची जागा शोधयंत्राने घेतली. फक्त त्या शोधयंत्राला आपल्या मराठी चित्रांतले शब्द त्या काळी दिसत नव्हते.

पाटीवरील दप्तर

हातात धरून वाचण्या-लिहिण्याच्या संगणकाची कल्पना अ‍ॅलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने मांडली होती. १९८९ चे ‘ग्रिडपॅड’, १९९३ चे अ‍ॅपलचे ‘न्यूटन’, २००२ चे मायक्रोसॉफ्टचे टॅबलेट पीसी हे प्रयत्न झाले, परंतु सर्वसामान्यांच्या हाती पाटी आली ती ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत विक्रीस आलेल्या आयपॅडने. डावीकडे पत्रांची यादी आणि उजवीकडे उघडलेले पत्र, ही त्याच्या टपालाची मांडणी बैठकीत बसून कागद चाळण्यास सोयीची होती. भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटचे प्रकाशन झाले. त्याची सरकारी खरेदीची किंमत सुमारे २,२७६ रुपये होती. पुढे त्याची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली आणि अध्यापकांच्या कार्यशाळांतून ही यंत्रे महाविद्यालयांत पोचली. ‘आकाश’ची विद्यार्थ्यांपर्यंतची योजना कल्पिली तशी तडीस गेली नाही, हे सर्वश्रुत आहे. पण अनेक प्राध्यापकांनी सहपत्र प्रथम बोटाने उघडले ते अशाच एखाद्या पाटीवर.

टॅबलेटने दस्तऐवजाविषयीची एक जुनी धारणा मोडली. टेबलावरच्या संगणकात फाईलला स्वतंत्र अस्तित्व होते. ती फोल्डरमध्ये असे, आणि पत्र लिहिता लिहिता आपण ती शोधून जोडत असू. आयपॅडच्या आरंभीच्या रचनेत फोल्डरच दिसत नव्हते. प्रत्येक उपयोजनाची कोठडी वेगळी, आणि दस्तऐवज ज्या उपयोजनात तयार झाला त्याच कोठडीत त्याचा मुक्काम. पत्र लिहावयास बसून सहपत्र जोडण्याची सोयच नव्हती. आधी दस्तऐवज उघडायचा आणि तेथून तो ‘पाठवा’ म्हणायचे, असा उलटा क्रम होता. लिहित्या पत्रात हवी ती फाईल जोडण्याची सोय आयओएसच्या २०१५ मधील नवव्या आवृत्तीत आली, आणि फाईलींचे स्वतंत्र दालन २०१७ मधील अकराव्या आवृत्तीत.

मधल्या सात वर्षांत काय घडले ते दप्तराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आलेले सहपत्र वाचण्यासाठी दुसऱ्या उपयोजनात उघडले की त्याची प्रत तेथे तयार होई. त्यात दुरुस्ती केली तर ती त्या प्रतीत होई, पत्रातली मूळ प्रत तशीच राही. दुरुस्त प्रत परत पाठविली की जावक टपालात तिसरी प्रत निर्माण होई. सहा सदस्यांच्या समितीने एका मसुद्यावर असे काम केले तर अखेरचा मसुदा कोणता, हे समितीलाही सांगता येत नसे. जुन्या दप्तरात ‘रुजू’ ही नोंद असे ती याच संकटावरचा उपाय होती. मूळ आणि नक्कल ताडून पाहिल्याची कोणीतरी जबाबदारी घेतलेली असे. टॅबलेटवरील नकलेला असा कोणी धनी नसतो.

शीर्षलेखाचे तर दर्शनच दुर्लभ झाले. टेबलावरील संगणकावर पत्राचा संपूर्ण शीर्षलेख पाहण्याची वाट आडवळणाची असली तरी होती. टॅबलेटवरील टपाल-उपयोजने बहुधा पाठविणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढेच दाखवितात. प्रवासातील पैवस्त्या पत्रासोबत असतात, पण वाचकाच्या दृष्टीआड. असे पत्र साध्या रीतीने दुसऱ्यास पुढे पाठविले की त्या नोंदी गळून पडतात आणि नव्या पत्राच्या नव्या नोंदी चढतात. मूळ पत्रच सहपत्र म्हणून पाठविले तर त्या टिकतात, परंतु ती युक्ती मोजक्यांनाच ठाऊक असते.

याच काळात कॅमेरा असलेली पाटी ही कागदाचे चित्र घेण्याचे यंत्र झाली. २०१० नंतरच्या दशकात ‘कॅमस्कॅनर’ हे उपयोजन प्राध्यापकवर्गात इतके रूढ होते की, २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली तेव्हा त्यातील हे एक नाव अनेकांना स्वतःच्या कपाटाला कुलूप लागल्यासारखे वाटले असावे. आणि सहपत्र फार मोठे झाले की त्याच्या जागी दुवा पाठविण्याची रीत पडली. जीमेलने २०१२ मध्ये ‘ड्राइव्ह’वरील फाईलचा दुवा पत्रात घालण्याची सोय केली. अ‍ॅपलच्या २०१४ च्या ‘मेल ड्रॉप’मध्ये मोठी फाईल सर्व्हरवर ठेवून घेणाऱ्यास दुवा मिळतो आणि तो तीस दिवसांनी मावळतो. पत्रात ‘सोबत’ असे लिहिलेले, पण सोबत काहीच नाही, अशी पत्रे जुन्या दप्तरांतही सापडतात. तेथे सहपत्र हरवलेले असते. येथे ते पत्राबरोबर कधी नव्हतेच.

कायद्याची दृष्टी आणि दप्तराचा धनी

ही चिंता केवळ इतिहासकाराची नाही. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन करण्याच्या अटी दिल्या आहेत. अभिलेख पुढे वापरता येईल असा असावा, मूळ रूपात किंवा मूळ माहिती अचूक दर्शविणाऱ्या रूपात असावा, आणि त्याचा उगम, त्याचे गंतव्य, पाठविल्याची वा पोचल्याची तारीख व वेळ ओळखता येईल असा तपशील त्यासोबत असावा. तिसरी अट वाचताना मोडी पत्राच्या कडेची पैवस्ती आठवल्याखेरीज राहत नाही. मात्र त्याच कलमाच्या परंतुकात, पत्र धाडण्या-पोचविण्यासाठीच यंत्राने आपोआप निर्माण केलेली माहिती या अटीतून वगळली आहे. म्हणजे प्रत्येक सर्व्हरची ‘रिसीव्हड’ ओळ जपण्याची सक्ती कायदा करीत नाही असे दिसते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने केंद्रीय कार्यालयांपुरती संगणकनिर्मित सामग्रीही अभिलेखात धरली, आणि २०१५ मध्ये भारत सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शासकीय ई-मेलचे धोरण जाहीर केले. अनुदानित महाविद्यालयाचा प्राचार्य मात्र आपल्या खाजगी खात्यावरून विद्यापीठाशी पत्रव्यवहार करीत आला आहे, आणि निवृत्त होताना कपाटाची किल्ली देतो तसा तो पेटीचा सांकेतिक शब्द देत नाही. त्याने तो द्यावा असेही म्हणता येत नाही. त्याच पेटीत त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रेही आहेत.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांना व त्यांच्या पिढीतील संशोधकांना कागद मिळाले ते वाड्यांच्या माळ्यांवरून, विसरलेल्या रुमालांतून. पिढ्यानपिढ्या कोणी त्याकडे पाहिले नव्हते, म्हणूनच ते उरले होते. कागदाला दुर्लक्ष बव्हंशी सोसते, वाळवी आणि पाऊस एवढे दोन शत्रू टळले म्हणजे झाले. ई-मेलच्या पेटीला दुर्लक्ष सोसत नाही. दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती पुसण्याचे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. दिवंगत प्राध्यापकाच्या नातवाने चाळीस वर्षांनी माळ्यावर चढावे आणि रुमाल सोडावा, ही शक्यता येथे संभवत नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या ग्रंथालय-इमारतीच्या पत्रव्यवहाराचा शोध अखेर एका निवृत्त सहकाऱ्यांकडे पोचला. त्या काळी महाविद्यालयाने स्वतःच्या नावाची ई-मेल खाती एका लहान पुरवठादाराकडून घेतली होती. पुढे वार्षिक शुल्क भरले गेले नाही आणि खाती बंद पडली. सरांकडे मात्र त्या वेळचा टॅबलेट जपून ठेवलेला होता. तासभर विजेला जोडल्यावर तो सुरू झाला. टपाल उघडताच डावीकडे २०१४ ची पत्रे ओळीने दिसली. विषय, नावे, तारखा, वेळ, सारे काही जागच्या जागी होते. वास्तुविशारदाचे पत्र सापडले, मजकूरही होता : आराखडा सोबत जोडला आहे, कृपया पाहून कळवावे. खाली सहपत्राचे चिन्ह आणि ‘उतरविण्यासाठी स्पर्श करा’ ही सूचना. सरांनी स्पर्श केला. चक्र फिरत राहिले, आणि थोड्या वेळाने सर्व्हर सापडत नसल्याचा संदेश आला. २०१४ मध्ये त्यांनी ते पत्र बैठकीत, घाईने, सहपत्र न उघडताच वाचले होते. सुवर्णमहोत्सवी ग्रंथात त्या पत्राची तारीख आणि वेळ मिनिटांसह देता आली आहे. आराखड्याच्या जागी मोकळे पान सोडले आहे.